घामाने भिजलेले रनिंग शूज दमट हवेत वाळवायचे कसे?

ठाणेकर_पळपुटा (रविवार, सकाळी १०.४०)

मंडळी, जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी पळणं चालू आहे आणि त्यात हा ऑक्टोबर. पहाटे पाचला निघालो तरी उपवन तलाव येईपर्यंत टी-शर्ट अंगाला चिकटलेला असतो. येऊरचा चढ सुरू झाला की शॉर्ट्समधून पायांवर धारा लागतात, आणि उतरताना बुटांतून पचक पचक आवाज यायला लागतो. घरी येऊन इनसोल (बुटातला सुटा तळ) पिळला तर बेसिनमध्ये चक्क पाणी पडतं.

खरी पंचाईत पुढे आहे. रविवारी भिजलेले बूट मंगळवारी पहाटेपर्यंत वाळत नाहीत. आमची बाल्कनी सरकत्या काचांनी बंद केलेली, वारा शून्य. वडील म्हणतात, उन्हात ठेव, जंतू मरतील. दुकानदाराने बजावलंय, ऊन अजिबात दाखवू नका. ओलसर बूट घालून पळलो की टाचेला आणि करंगळीला फोड येतात. वासाबद्दल घरचे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पावसाळ्यातल्या बुटांवर बरेच धागे सापडले, पण मला पावसाचं नाही, घामाचं विचारायचंय. कोण काय करतं?

जुना_जोडा (रविवार, सकाळी ११.२५)

रद्दी. पण नीट केली तरच. बहुतेक जण वर्तमानपत्र कोंबतात आणि रात्रभर विसरतात. तासाभरात कागद जेवढं पाणी प्यायचं तेवढं पितो, नंतर तोच ओला गोळा बुटाचं तोंड बंद करून बसतो.

आल्या आल्या लेस पूर्ण सैल करा, नुसती गाठ सोडून भागत नाही. जीभ बाहेर ओढा, इनसोल काढून वेगळा ठेवा. जुना पंचा आत घालून मुठीने दाबा, अर्धं काम तिथेच होतं. मग कागदाचे सैलसर बोळे, पार चवड्यापर्यंत. अर्ध्या तासाने बदला, पुन्हा तास-दीड तासाने बदला आणि मग कागद काढूनच टाका. त्यानंतर पंखा. रविवारच्या पुरवण्यांचा गुळगुळीत कागद घेऊ नका, तो पाणी ओढत नाही. आतली साधी, खरखरीत पानं घ्या. बुटाचं अस्तर पांढरं असेल तर शाई लागते, तिथे टिश्यू पेपर बरा.

पंखा म्हणजे टेबल फॅन. छताच्या पंख्याखाली बूट जमिनीवर ठेवले तर वारा वरून निघून जातो. खुर्चीच्या पाठीला दोन हँगर अडकवा, त्यांना बूट असे टांगा की तोंड पंख्याकडे येईल. आत वारा शिरला पाहिजे, बाकी सगळं दुय्यम.

वऱ्हाडी_ऊन (रविवार, दुपारी १२.१०)

नागपूरहून लिहितो. तुमचं दुःख वाचून मजा वाटली, राग मानू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, पण हवा अशी कोरडी की सकाळी भिजलेला बूट सावलीत ठेवला तरी जेवणाच्या आत खडखडीत. घाम तर अंगावरच वाळतो, टोपीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या राहतात.

म्हणून उन्हाबद्दल आमच्याकडून ऐका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने बूट गच्चीवर, थेट स्लॅबवर ठेवले. दुपारी आणायला गेला तर चवड्याकडचा सोल उचकटून जिभेसारखा लोंबत होता. वरून ऊन आणि खालून तापलेलं सिमेंट, डिंक किती तग धरणार? सावली आणि वारा असताना उन्हात ठेवायचे तरी काहून?

आणखी एक. कूलरच्या खोलीत बूट वाळत नाहीत. वाऱ्यासमोर ठेवले की वाळतील असं वाटतं, पण कूलर ओल्या ताट्यांतूनच हवा फेकतो. घरातली सगळ्यात दमट जागा तीच. स्वयंपाकघरात ठेवा, बायको ओरडेपर्यंत.

घरची_आघाडी (रविवार, दुपारी १२.३०)

ती ओरडणारी बायको मी. म्हणजे यांची नाही, दुसऱ्या एका धावपटूची. पार्लेकर. चपलांच्या स्टँडचं दार उघडलं की पाहुणे दोन पावलं मागे सरतात. नवऱ्याने वास मारायला डांबराच्या गोळ्या टाकल्या, तर आता दोन्ही वास एकदम येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की बूट पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले की जंतू मरतात. माझ्या मटारांशेजारी! खरं आहे का हे? नसेल तर कोणीतरी इथे ठणकावून लिहा, मी स्क्रीनशॉट काढणार आहे.

मीठभाकर (रविवार, दुपारी २.०५)

पेशाने रसायनशास्त्राचा मास्तर आहे, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

बूट न वाळण्याचं कारण निव्वळ पाणी नाही, मीठ आहे. घामात मीठ असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी उडून जातं, मीठ बुटातच राहतं, आणि दर रविवारी त्यात भर पडते. आता साध्या मिठाचा गुण असा की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ती म्हणूनच. मुंबई-ठाण्यात पहाटेची आर्द्रता बऱ्याचदा ७५ च्या वर असते. म्हणजे तुम्ही पंख्याखाली बूट वाळवता आणि पंखा बंद केला की रात्रभर तो पुन्हा दमट होत जातो. तो 'वाळतच नाही' असं जे वाटतं त्यात तथ्य आहे.

नागपूरकरांच्या बुटातही मीठ आहे, पण तिथली हवा कोरडी, त्यामुळे ते गप्प पडून राहतं. ठाण्याचा प्रश्न नागपूरच्या उत्तराने सुटत नाही तो इथेच.

उपाय सोपा आहे, लोक उगाच घाबरतात. बूट धुवा. दर रविवारी नको, पण उकाड्याच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा साध्या पाण्याने खळबळून काढा. नळाखाली आतून पाणी सोडा, इनसोल वेगळा चोळा, दोन-तीन पाणी काढा. मळ असेल तर बादलीभर पाण्यात थोडासा सौम्य साबण आणि जुना टूथब्रश. तासन् तास भिजत घालू नका. गरम पाणी नको, ब्लीच नको, वॉशिंग मशीन तर नकोच. मशीनच्या ड्रममध्ये आपटून आणि ड्रायरच्या उष्णतेने जे व्हायचं ते कोपऱ्यावरच्या चर्मकारकाकांना विचारा. सोल्युशनचा डबा पुढे ओढत ते सविस्तर सांगतील. मिडसोलचा, म्हणजे सोलच्या मधल्या थराचा, फोम बहुधा इव्हीए नावाच्या प्लास्टिकचा किंवा तत्सम काहीतरी असतो. त्याला पाण्याचं वावडं नाही, उष्णतेचं आहे. हेअर ड्रायरही त्याच यादीत.

आता पाणी येतं कुठून? तळपायाला घाम येतो हे खरं, पण बूट पिळून निघण्याइतका नाही. उकाड्यात पळणाऱ्या माणसाला तासाला एक ते दोन लिटर घाम सहज येतो. कोरड्या हवेत तो अंगावरच उडतो. दमट हवेत उडायला जागा नसते, मग तो ओघळतो: पाठीवरून कमरेला, शॉर्ट्समधून मांडीवर, पोटरीवरून मोज्यात. तुमचा बूट ही त्या उताराची शेवटची पायरी आहे.

खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरातला काटा घ्या (घरची_आघाडी, क्षमस्व, वर प्लास्टिकची पिशवी पसरून). कोरडा बूट तोला, पळून आल्यावर तोला. फरक म्हणजे पाणी. माझ्या बुटात हा फरक शंभर ग्रॅमच्या वर जातो. प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वाढले की पळायला लागणारा प्राणवायू साधारण एक टक्क्याने वाढतो, हे मोजून पाहिलेलं आहे. बूट वाळला की नाही हेही काट्यावरच कळतं, बोट घालून नाही. वरची जाळी कोरडी लागते आणि चवड्याखाली ओल तशीच असते.

ठाणेकर_पळपुटा (रविवार, दुपारी ३.१५)

मीठभाकर, दंडवत. मिठाचं डोक्यातही आलं नव्हतं. आता काटा आणायचा धाडसी कार्यक्रम आहे, कळवतो.

अनवाणी_वारा (रविवार, दुपारी ४.००)

एवढा खटाटोप कशाला? बूटच घालू नका. मी शिवाजी पार्कात अनवाणी पळतो. ना वास, ना फोड, ना रद्दी.

जुना_जोडा (रविवार, दुपारी ४.१०)

@अनवाणी_वारा, शिवाजी पार्कची माती आणि घोडबंदर रोडवरची खडी यात फरक आहे की नाही? काचा, खिळे, मेट्रोच्या कामाचे तुकडे. तुमचं कौतुक आहे, पण धागाकर्त्याने बूट कसे वाळवायचे ते विचारलंय. तुमचा वेगळा धागा काढा, रुमाल टाकायला येतो.

त्वचावैद्य (रविवार, सायं. ६.४५)

घरची_आघाडी, काढा स्क्रीनशॉट: घरातल्या फ्रीजरने बुटातले जंतू मरत नाहीत. गारठून थंड पडतात, बाहेर काढून पाय घातला की पुन्हा कामाला लागतात. मटार सुरक्षित ठेवा.

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. पायाच्या कातडीवरचे जिवाणू घामातले आणि मृत त्वचेतले घटक खातात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं. तोच तो आंबूस वास. काही परदेशी चीज मुरवायला जे जिवाणू लागतात त्यांचेच भाऊबंद पायावर असतात, त्यामुळे तिथे आणि इथे वास एकच येतो. हे आम्ल आहे म्हणून खाण्याचा सोडा त्यावर चालतो: रात्री बुटात चमचाभर भुरभुरवा, सकाळी उलटा करून झटका. पण बूट आधी वाळलेला हवा. ओल्या बुटात सोड्याचा लगदा होतो आणि तो कातडीला चुरचुरतो. कापूर, कडुनिंब, अत्तर यांनी वास झाकला जातो, जात नाही. डांबराच्या गोळ्या घरातून काढून टाका. त्यांची वाफ श्वासातून आत जाते, आणि काही लोकांत, विशेषतः लहान मुलांत, त्यामुळे रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो.

वासापेक्षा मला काळजी कातडीची वाटते. ओल्या मोज्यात दोन-तीन तास पाय राहिला की कातडी पांढरी, सुरकुतलेली आणि मऊ होते. अशी कातडी घासली की फोड येणारच. बोटांच्या बेचक्यात खाज, चिरा, पांढरा पापुद्रा दिसला तर त्या चिखल्या. भातखाचरात राबणाऱ्यांना होतात त्याच. क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीविरोधी मलम दोन ते चार आठवडे लावावं लागतं, खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी सोडायचं नाही. आणि हात जोडून सांगते, केमिस्टकडून 'खाजेची क्रीम' म्हणून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणू नका. दोन दिवस आराम पडतो आणि मग बुरशी दुप्पट पसरते. आपल्या देशात हट्टी नायट्यांची जी साथ आलीय, तिला या ट्यूबा बऱ्याच अंशी जबाबदार आहेत.

टाचेवर किंवा चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि भयंकर वास असेल तर ती बुरशी नाही, जिवाणूंचा संसर्ग आहे. त्याचं औषध वेगळं, दाखवून घ्या. मधुमेह असलेल्यांनी तर पायावरचा साधा फोडही घरी फोडू नये.

रोजचं म्हणाल तर पाय धुतल्यावर बेचकी कोरडी करा. तिथेच सगळे आळस करतात.

मांडवीकाठ (रविवार, रात्री ८.२०)

पणजीकर. मिरामारला पळतो, तेव्हा दमटपणाबद्दल आम्हाला कोणी शिकवू नये. सगळे बूट वाळवण्यावर बोलताहेत, मी पाणी आत जाऊ न देण्यावर बोलतो.

सुती मोजे आजच बाजूला ठेवा. सूत पाणी धरून बसतं. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे पातळ मोजे कमी पाणी धरतात. मेरिनो लोकरीचे भिजले तरी कमी घासतात, पण महाग. मोजा घोट्याच्या वर यायला हवा. त्याच्यावर, घोट्याशी, टेनिसवाले मनगटाला घालतात तसला टॉवेली पट्टा चढवायचा. पोटरीवरून येणारा ओघळ तिथे अडतो. पल्ल्याच्या मध्ये कुठे थांबलात की पट्टा काढून पिळायचा. दिसायला विनोदी आहे, पण उपयोगी आहे.

दुसरं, सैल शॉर्ट्स भिजून जड झाल्या की कडेने टपकत राहतात, थेंब सरळ बुटावर. मांडीला घट्ट बसणाऱ्या आखूड टाइट्समध्ये हे कमी होतं. आणि पाण्याच्या स्टॉलवर डोक्यावर पाणी ओतताना सरळ उभं राहू नका! कमरेत वाका, पाणी समोर पडू द्या. अर्धे लोक सगळी बाटली आपल्याच बुटात रिकामी करतात.

वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. घामासाठी मुळीच नाही. पाणी वरून आत जातं आणि बाहेर पडायला वाट नसते. जाळी जितकी मोकळी तितकं बरं.

दुबईस्थ_सातारकर (रविवार, रात्री ९.३०)

इकडे जुलै-ऑगस्टमध्ये रात्री पळालो तरी चष्म्यावर वाफ धरते. बूट दर वेळी ओले. पण वाळवण्याचा प्रश्न नाही, कारण घरात एसी चोवीस तास चालू आणि एसी हवेतलं पाणी काढतो. झोतासमोर स्टुलावर ठेवले की सकाळी कोरडे. ठाण्यात रात्री बेडरूममध्ये एसी लावत असाल तर बूट त्याच खोलीत ठेवा. ड्राय मोड असेल तर उत्तम.

घरची_आघाडी (रविवार, रात्री ९.३५)

बेडरूममध्ये?!

दुबईस्थ_सातारकर (रविवार, रात्री ९.४०)

आधी मास्तरांनी सांगितलं तसे धुऊन, मग बेडरूममध्ये. 🙂 नाहीच जमलं तर एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर. तिथे गरम कोरडा वारा येतो. मात्र बूट नीट बांधा, सातव्या मजल्यावरून खाली गेला की एकच उरतो.

मीठभाकर (रविवार, रात्री १०.००)

बाहेरच्या युनिटची कल्पना चांगली आहे, पण जाळीला चिकटवू नका, हात-दीड हात अंतर ठेवा. वारा अडला तर एसीही तापतो. आणि हो, वाकून टांगण्यापेक्षा फॅन घ्या. मॅरेथॉन पळायचीय, ग्रिलवर कसरत नाही.

बजेटवाला (सोमवार, सकाळी ७.१५)

सगळे तज्ज्ञ शेवटी 'दोन जोड घ्या' म्हणणार हे माहीत होतं, अजून कोणी म्हणालं नाही याचंच आश्चर्य. बरा जोड सात-आठ हजारांच्या खाली येत नाही. पगारदार माणसाने काय करायचं?

जुना_जोडा (सोमवार, सकाळी ८.३०)

मी म्हणणारच होतो. हिशोब करून बघा. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. दोन जोड आलटून पालटून वापरले तर प्रत्येकावर निम्मे किलोमीटर पडतात. म्हणजे वर्षाचा खर्च तेवढाच, फक्त दुसऱ्या जोडाचे पैसे आधी मोजावे लागतात. वर प्रत्येक बूट पूर्ण वाळतो, त्यामुळे अस्तर कुजत नाही.

तेही जमत नसेल तर इनसोलचा दुसरा जोड घ्या, बुटाच्या तुलनेत किरकोळ पैसे. बुटातलं बरंचसं पाणी इनसोल आणि त्याखालचं कापडच धरतं. जाडी मूळच्याइतकीच हवी, नाहीतर बूट घट्ट होतो आणि नखं काळी पडतात. शिवाय गेल्या वर्षीचा झिजलेला जोड टाकू नका. मंगळवारच्या चार-पाच किलोमीटरला तो चालतो, सोल अगदीच गुळगुळीत झाला नसेल तर.

ठाणेकर_पळपुटा (सोमवार, रात्री ९.१०)

काटा वापरला. सौ. घरी नसताना. धुऊन, पंचाने टिपून, रद्दी दोनदा बदलून टेबल फॅनसमोर टांगले, आज संध्याकाळी वजन कोरड्या बुटाच्या जवळपास आलंय, चवड्याकडे किंचित ओल आहे. धुतलेलं पहिलं पाणी मात्र ताकासारखं गढूळ होतं.

एक शंका राहिली. मॅरेथॉनच्या दिवशी पेडर रोडच्या चढणीवर लोक पाण्याचे फवारे मारतात, तिथे बूट भिजणारच. तेव्हा मध्येच मोजे बदलावेत का? एक जोड खिशात ठेवू?

मांडवीकाठ (सोमवार, रात्री ९.५०)

नको. चढण परतीच्या वाटेवर आहे, तोवर बोटं सुजलेली असतात. ओल्या पायावर कोरडा मोजा चढवताना चुण्या पडतात आणि चुणी म्हणजे फोड. बसल्यावर पोटरीत गोळा आला तर उठवायला स्वयंसेवक शोधावे लागतील. त्यापेक्षा सुरुवातीलाच बोटांच्या मध्ये, टाचेला आणि तळव्याच्या कडेला पेट्रोलियम जेली चोपडा. जेलीने बूट-मोजे भिजायचे थांबत नाहीत, पण घासणं कमी होतं. मोजे तेच घाला जे या ऑक्टोबरच्या लाँग रनला भिजून निभावलेत. शर्यतीआधीच्या प्रदर्शनात (एक्स्पोत) घेतलेले नवे कोरे त्या दिवशी नकोत. फवारा दिसला की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला व्हा, पोरांना वाईट वाटलं तर हात हलवा.

त्वचावैद्य (सोमवार, रात्री १०.२०)

सहमत. शर्यत संपल्यावर मात्र पहिलं काम मेडलचा फोटो नाही, बूट-मोजे काढून चप्पल घालणं. बॅगेत चप्पल आणि छोटा नॅपकिन ठेवा. लोक त्याच ओल्या बुटांत सीएसएमटीहून लोकल पकडतात, ठाण्यापर्यंत उभे जातात आणि सोमवारी माझ्याकडे येतात.